पाळी केव्हा गेली?

श्रावणातली झड लागली होती. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या काकू तुळशीपुढे दिवा लावून मागे वळल्या आणि अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. पडणं तसं साधंच. लहान मूल असतं तर कपडे झटकून उठलं असतं. काकूंचं मात्र उजवं मनगट मोडलं. गणपती तोंडावर आलेले आणि दरवर्षी २१ मोदकांना पाकळ्या पाडणारा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये!

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि भलताच प्रश्न विचारला, "पाळी केव्हा गेली?"

काकू संकोचल्या. मोडलेल्या मनगटाचा आणि पाळीचा काय संबंध? "झाली दहा वर्षं. सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली," त्या कशाबशा म्हणाल्या.

संबंध होता. हाड म्हणजे काही निर्जीव दगड नव्हे. जन्मभर जुनं हाड झिजत असतं आणि त्या जागी नवं भरत असतं. स्त्रीच्या बीजकोशातून पाझरणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, या झिजेला लगाम घालतं. पाळी गेली की लगाम सुटतो. पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सर्वांत वेगाने होते, आणि दुखत-खुपत काहीच नसल्याने ती कळतही नाही. मनगट मोडतं, तेव्हा कळते.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. कागदावर आकडा होता उणे २.७. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात.

काकूंना आठवल्या नागपूरच्या थोरल्या अक्का. १९९८ च्या सुमाराला त्या हार्मोनच्या गोळ्या घेत. अंगाची काहिली थांबली, हाडंही मजबूत राहतात, असं सगळ्यांना सांगत. मग जुलै २००२ मध्ये अमेरिकेतली बातमी आली. १६,६०८ स्त्रियांवर चाललेला मोठा अभ्यास मध्येच थांबवण्यात आला होता. या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग वाढतो, असं दिसलं होतं. अक्कांनी त्याच दिवशी गोळ्यांची पाकिटं केरात टाकली.

म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंपुढे बसताच काकू म्हणाल्या, "हार्मोनच्या गोळ्या तेवढ्या देऊ नका हं!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्हाला देणारच नाही. पण बातमी अर्धीच ऐकलीत तुम्ही. दहा हजार जणींनी वर्षभर त्या गोळ्या घेतल्या, तर स्तनाच्या कर्करोगाच्या ८ आणि पक्षाघाताच्या ८ रुग्ण वाढल्या, हे खरं. पण खुब्याचं हाड मोडणाऱ्या ५ जणी कमीही झाल्या. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी सुरुवात केली, तर हिशेब बराच वेगळा येतो."

काकूंची दहा वर्षं उलटली होती आणि सख्ख्या मावशीला स्तनाचा कर्करोग झालेला. त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची दुसरी गोळी मिळाली. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. जोडीला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. ताटात नाचणी, तीळ आणि छत्तीसगडात घरोघरी होणारी मुनग्याची, म्हणजे शेवग्याच्या पानांची भाजी. प्लास्टर निघालं की बूढा तालाबाच्या काठाने रोज फेरी.

हात बांधलेला, म्हणून कामवाली बाई दोन्ही वेळा येऊ लागली. रायपूरजवळच्या खेड्यातली, वय ४२. बादली उचलताना तिचा हात दर वेळी कमरेवर जाई. एक दिवस काकूंनी तिला तोच प्रश्न विचारला.

"कुठली पाळी, दीदी?" ती म्हणाली. "बच्चादानी तर कधीच काढली."

२०१२ साली. तेव्हा ती २९ वर्षांची होती. पोटात दुखतं म्हणून गेली, तर कॅन्सर होईल अशी भीती घातली. कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे उपचार देणारं राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेचं स्मार्ट कार्ड होतंच. त्याच वर्षी छत्तीसगडात अशा गरज नसलेल्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, काही डॉक्टरांची नोंदणीही निलंबित झाली. छत्तीसगड, बिहार आणि राजस्थानातल्या अशा तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये आदेश दिले. पण तिच्या कमरेकडे कोणी पाहिलं नव्हतं.

काकू तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. जुन्या चिठ्ठीवर फक्त गर्भाशय काढल्याचं लिहिलेलं. सोनोग्राफीत दिसलं, दोन्ही बीजकोशही काढलेले होते. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षीच तिच्या हाडांचा लगाम सुटला होता. काकूंची झीज दहा वर्षांची, हिची तेरा वर्षांची!

"हिला मात्र इस्ट्रोजेन द्यायलाच हवं," तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. "खरं तर ऑपरेशननंतर लगेच सुरू करायला हवं होतं. जे शरीरात पन्नाशीच्या आसपासपर्यंत असायचं, तेच आपण परत देतोय. साठीच्या बायकांवरून काढलेला धोका हिला लावायचा नाही." गर्भाशय असलं, तर त्याच्या अस्तराला जपण्यासाठी प्रोजेस्टेरॉनही जोडावं लागतं, हिला त्याची गरज नव्हती. स्तनांची तपासणी, रक्तदाब, यकृताच्या चाचण्या झाल्या. पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, तेही विचारलं. मगच औषध सुरू झालं.

त्या गणपतीत मोदकांना पाकळ्या कामवाल्या बाईने पाडल्या, काकूंनी शेजारी बसून शिकवल्या. काही वाकड्या झाल्या, पण २१ भरले.

संक्रांतीला चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकू झालं. तिळगूळ हातावर ठेवताना काकू एकेकीला हळूच विचारत होत्या, "पाळी केव्हा गेली गं? आणि ऑपरेशन झालं असेल, तर बीजकोश ठेवलेत की काढलेत?" आधी हसू आलं, मग एकेक जण बोटांवर वर्षं मोजू लागली. दोघीतिघींना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीतच नव्हतं. त्या घरी जाऊन जुने कागद शोधणार होत्या.