पट्टीला हात लावायचा नाही

व्हायब्राफोन हे वाद्य आहे की यंत्र, हेच मला सुरुवातीला कळेना. पियानोच्या क्रमाने दोन ओळींत मांडलेल्या ३७ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, प्रत्येकीखाली एक नळी, नळ्यांच्या तोंडाशी फिरणाऱ्या तबकड्या, त्या फिरवायला मोटर आणि रबरी पट्टा, शिवाय पायाशी पेडल. जुन्या हिंदी गाण्यांतला त्याचा थरथरत लांबणारा स्वर लहानपणापासून कानात होता. तो कशातून निघतो हे मात्र शिकागोत राहायला आल्यावर समजलं. इथेच डीगन कंपनीचा एक जुना व्हायब्राफोन स्वस्तात मिळाला आणि बेसमेंटमध्ये येऊन बसला.

या वाद्याचं मूळ घरही याच भागातलं. इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीने १९२१ च्या सुमारास पहिला नमुना काढला, तो पोलादी पट्ट्यांचा. पुढे १९२७ मध्ये शिकागोच्या डीगन कंपनीत हेन्री श्लुटर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि स्वर थांबवणारा, पायाने चालणारा डॅम्पर आणला. आजचा व्हायब्राफोन त्याच घडणीचा आहे.

आमच्याकडच्या वाद्याचे काही स्वर अगदी बद्द वाजत होते. पट्ट्याच गेल्या असतील का? ओळखीच्या एका निवृत्त बँडशिक्षकांनी त्यांतली एक सोडवली, भोकापाशी चिमटीत लटकती धरली आणि मॅलेटने हलकेच वाजवली. स्वर खोलीभर घुमत राहिला. मग त्यांनी ती फोमच्या दोन तुकड्यांवर आडवी ठेवून वर मीठ भुरभुरवलं. मधोमध टोले पडत गेले तसतसे मिठाचे कण सरकत सरकत दोन आडव्या रेघांत गोळा झाले, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्के आत. पट्टी कंप पावत असताना ती जागा जवळजवळ स्थिर असते, म्हणून दोरी ओवायची भोकंही तिथेच पाडलेली असतात. आमची दोरी सैलावली होती, ती पेलणाऱ्या खुंट्यांची रबरं वाळून तडकली होती आणि पट्ट्या खाली फ्रेमला टेकत होत्या. दोष पट्ट्यांचा नव्हताच.

"पट्टीला कानस लावायची नाही," हा त्यांनी घालून दिलेला पहिला नियम. खालून मधोमध धातू घासला तर स्वर उतरतो, टोकाशी घासला तर चढतो. त्यातच मूळ स्वराच्या दोन सप्तकं वरचा उपस्वरही पट्टीच्या खालच्या कमानीतच जुळवलेला असतो. एकाला सावरायला जावं तर दुसरा ढळतो, आणि निघालेला धातू परत बसवता येत नाही.

नळ्यांनीही मला बरंच चक्रावलं. तळाशी बंद असलेल्या नळीतली हवेची उंची स्वराच्या तरंगलांबीच्या पाव असावी लागते. सर्वांत खालच्या स्वराला, म्हणजे १७५ हर्ट्झच्या आसपास, जवळजवळ अर्धा मीटर लागतो; सर्वांत वरच्याला जेमतेम सहा सेंटिमीटर. मग श्रोत्यांकडच्या ओळीत वरच्या स्वरांच्या नळ्याही एवढ्या लांब कशा? टॉर्च मारून आत पाहिलं तेव्हा उलगडा झाला: बूच बरंच वर बसवलेलं होतं. त्याखालची नळी केवळ शोभेची.

बदल केला तो मोटरमध्ये. जुनी मोटर मोजक्याच वेगांवर फिरायची. तिच्या जागी छोटी डीसी मोटर आणि वेग हवा तसा ठेवता येईल असं बटण बसवलं. जुन्याच भोकांत नवी मोटर कसली, मूळ मोटर जपून ठेवली. तबकडी एका फेऱ्यात नळीचं तोंड दोनदा उघडते आणि दोनदा झाकते, त्यामुळे आवाज लहानमोठा होत राहतो. जाझमधल्या व्हायब्राफोनवादकांपैकी लायनल हॅम्प्टन यांची थरथर जलद होती, डीगनवरच वाजवणारे मिल्ट जॅक्सन ती अगदी संथ ठेवत. बटण हळूहळू फिरवताना हा फरक कानांना स्पष्ट कळतो, आणि जॅक्सन यांचा स्वर गाणाऱ्या गळ्याच्या इतका जवळ का वाटतो तेही.

डॅम्परवरचं फेल्ट बदलायचं अजून बाकी आहे. पेडल सोडल्यावरही काही स्वर मागे रेंगाळतात. पण आता घाबरायला होत नाही. या वाद्यातली दोरी, रबर, फेल्ट, मोटर हे सगळं नव्याने घालता येतं. कुणाला असा जुना व्हायब्राफोन मिळालाच, तर आधी एकेक पट्टी सोडवून, हातात लटकती धरून वाजवून पाहा. त्या गात असतील तर वाद्य बेलाशक घरी आणा.