वाणाचे बटवे आणि बोरीवरचा कोसा

चंद्रपूरला राहून मी स्वेटर विणते म्हटलं की माझ्या पुण्याच्या नणंदबाईंना हसू येतं. त्यांच्या लेखी चंद्रपूर म्हणजे ४५-४६ अंशांचा उन्हाळा, कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्राची धुराडी. खोटं नाही त्यात काही. पण डिसेंबरात इथे येऊन बघा. पहाटे अंगणात पाय टाकवत नाही. ताडोब्याचं जंगल हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दव असं पडतं की वाळत घातलेले कपडे सकाळी पुन्हा पिळून घ्यावेत. ही थंडी जेमतेम सहा-सात आठवड्यांची. तेवढ्यात विणकाम उरकावं लागतं, नाहीतर स्वेटर पुढच्या वर्षी आणि मुलगा तोवर दोन बोटं उंच!

सकाळचे डबे रवाना झाले, कुकर उतरला की मी सुया-लोकर घेऊन मागच्या ओसरीवर बसते. माझी शाळा दुपारची आणि अर्धवेळ, त्यामुळे हा तासभर हक्काचा. बाग कसली, चार कर्दळी, जास्वंद, कढीलिंब आणि कुंपणाशी एक जुनी बोर. पण पाहुणे किती म्हणून सांगू! हिवाळा लागला की थिरथिरा येतो आणि कुंपणाच्या तारेवर बसून शेपटी सारखी थरथरवत राहतो. तो दिसला की ट्रंकेतली लोकर बाहेर काढायची, हे माझं पंचांग. बुलबुल, दयाळ, सातभायांचा गलका तर रोजचाच. शिंपी पक्षी म्हणजे एवढासा जीव, पण पानांच्या कडा जुळवून चोचीने टाके घालतो आणि त्यात घरटं करतो. दोरा कसला? कापसाचे तंतू आणि कोळ्याचं जाळं. आणि खार! गेल्या वर्षी माझा अर्धा गुंडा तिने बोरीवर चढवला होता. तेव्हापासून एक शिकले, तुम्हीही लक्षात ठेवा. लोकरीचे लांब धागे बागेत टाकू नका. पाखरांच्या पायात गुंतले की सुटत नाहीत. तुकडे एका डब्यात जमवावेत, उशीत भरायला होतात.

तर यंदा नोव्हेंबरात माझी मुलगी धावत आली, “आई, बोरीला अंडं लागलंय!” जाऊन बघते तो खरंच, कोंबडीच्या अंड्याहून थोडं लहान, मातकट पिवळं, टणक असं काहीतरी फांदीला लोंबत होतं. वर काळसर देठ, आणि त्या देठाची कडी फांदीभोवती अशी घट्ट बसलेली की कुणी सोनाराने बसवून दिल्यासारखी. शेजारच्या काकूंचं माहेर आरमोरीचं. त्यांनी लांबूनच ओळखलं. “अगं, हा कोसा! टसरचा.”

मला आधी पटेना. टसर म्हणजे प्रदर्शनात, काचेच्या कपाटात बघायची वस्तू. पण खरंच, टसरचा पतंग जंगलातलाच. ऐन आणि अर्जुन ही त्याच्या अळ्यांची आवडती झाडं, पण बोरीचा पालाही त्या खातात. तुतीच्या रेशमासारखं हे काम घरात ताटं मांडून होत नाही, सगळं उघड्या झाडावर. अळी पाला खाऊन बोटाएवढी जाड होते, मग स्वतःभोवती कोसा विणून आत गप्प बसते. हिवाळ्यातल्या कोशातला जीव तसाच झोपून राहतो आणि मृगाचा पाऊस आला की पतंग होऊन बाहेर पडतो.

मुलीच्या डोक्यात लगेच निघालं, “आई, हा कापून संक्रांतीला आजीसाठी फूल करू या ना!” अशी कोशाची फुलं तिने कुठेतरी पाहिली होती. मी म्हटलं, थांब जरा.

संक्रांतीचं माझ्याही डोक्यात होतंच. हळदीकुंकवाचं वाण! तुमच्या घरी काय परिस्थिती आहे ठाऊक नाही, माझ्याकडे वाणातल्या चहाच्या गाळण्या सात आहेत आणि प्लॅस्टिकच्या डब्यांची मोजदाद मी सोडली आहे. आपण देतो तेही तसलंच, आणि पुढच्या वर्षी तीच गाळणी फिरून आपल्याकडे येते. यंदा ठरवलं, पंचवीस बायकांना आपल्या हातचं काहीतरी द्यायचं. तिळगुळाचा छोटा बटवा, आणि तोही आपल्या भागातल्या टसरचा. डिसेंबरातल्या एका रविवारी “आमच्या ह्यां”ना तयार केलं आणि आरमोरी गाठली.

चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. पूर्वी हा सगळा एकच चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, पण माणसं, जंगल आणि बोली एकच. धान कापून झालेलं, बांध्यांमधून पुंजणे रचलेले. गावोगावी झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक. वडशाहून निघालेल्या नाटक मंडळ्या या दिवसांत रात्र रात्र गाजवतात, आणि थंडीत चादरी पांघरून बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाही. गडचिरोलीपासून आरमोरी पुढे तासाभराची वाट.

आरमोरी आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड ही टसर विणणारी जुनी गावं. करवतकाठी साडी इथली. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून ते नाव. अंग टसरचं, काठ बहुधा सुताचे. दोन्ही काठ आणि अंग यांचे तीन धोटे वेगवेगळे चालवायचे आणि दर ओळीला एकमेकांत अडकवायचे, म्हणून ते दाते उठतात. मागावर बसलेल्या माणसाचे हात बघताना माझं विणकाम मला पोरखेळ वाटलं. माझ्या आईची एक करवतकाठी होती, घड्यांवर विरलेली. ती नेसली की आम्ही “आईची पिवळी साडी” म्हणायचो. ती इतक्या जवळच्या मागावरची, हे मला या वयात कळावं!

तिथे एकाने विचारलं, कोसा झाडावर बघायचाय का? गावाबाहेर ऐनाच्या झाडांत गेलो. या भागात कोशाचं हे काम मुख्यतः ढिवर समाज करतो. एरवी तळ्या-नदीतली मासेमारी, आणि हंगामात जंगलात झोपडी बांधून अळ्यांची राखण. एक पन्नाशीच्या बाई हातात गलोल घेऊन झाडाखाली उभ्या होत्या. वर बघितलं तर पाना-पानाआड हिरव्यागार अळ्या, काही ठिकाणी नुकते विणलेले कोसे. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांद्या उचलून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. लाल मुंग्या येऊ नयेत म्हणून खोडं राखायची. आणि दिवसभर पाखरं!

मला राहवलं नाही. हौसेने सांगितलं, माझ्याकडे बागेत बुलबुल येतो, दयाळ येतो, मी रोज बघत बसते. बाई हसल्या. म्हणाल्या, “तुमी पाखरं पायता बाई, आमी पाखरं हाकलतो.” आणि बोलता बोलता गलोल ताणून त्यांनी एक खडा फांदीवर मारला. पाखरू उडालं. चोचीत काही होतं की नाही, ते मला दिसलं नाही. त्यांना दिसलं असावं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला.

वाघाचं विचारलं. हा प्रश्न आमच्याकडे गोष्टीतला नाही हो. चंद्रपुरात वीज केंद्राच्या परिसरातसुद्धा वाघ दिसतो, आणि मोहफुलं नाहीतर तेंदूपत्ता आणायला गेलेल्या बायका परत न आल्याच्या बातम्या आम्ही दर वर्षी वाचतो. बाई म्हणाल्या, एकटं राहायचं नाही, आवाज करत राहायचं, अंधारात झोपडीबाहेर पडायचं नाही. “अळ्या सोडून घरी कसं जाव?”

गावात परतून कापड घेताना माझ्या तोंडून सवयीने निघालं, “काही कमी करा ना.” हे माझ्याकडे बघत राहिले. मी मुकाट्याने पैसे मोजले.

एक प्रश्न मात्र मला टोचत होता. लांब, सलग धागा हवा तर पतंग बाहेर पडण्याआधीच कोसे उन्हात किंवा वाफेवर धरतात. आतला जीव मरतो. मग सोड्याच्या पाण्यात शिजवून चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढतात. त्या बाईंच्या घरची चूल त्यावर चालते, तेव्हा ओसरीवर बसून मी नाक मुरडावं असं मला वाटत नाही. पण बियाण्यासाठी काही कोसे राखून ठेवतात. त्यातून पतंग बाहेर येतात, मादी दीडशे-दोनशे अंडी घालते, आणि आठवडाभरात संपते. त्या पतंगाला खाण्यापुरतं तोंडही नसतं! मागे उरलेल्या फुटक्या कोशांचं हाताने सूत काढतात. ते जाडसर, गाठीगाठीचं, थोडं खरखरीत असतं. बटव्यांसाठी मी तेच कापड घेतलं. स्वस्तही पडलं, आणि थंडीत हाताला उबदार लागतं. मुलीसाठी मूठभर फुटके कोसेही मागून घेतले.

आता कृती सांगते. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर एका मीटरात साडेपाच इंच रुंद आणि ११ इंच लांब असे २८ तुकडे निघतात. कापड आधी रिठ्याच्या गार पाण्यातून काढून सावलीत वाळवा, किंचित दमट असताना उलटीकडून इस्त्री करा. टसरच्या कडा फार सुटतात, म्हणून अर्धा इंच शिलाई सोडाच, आणि कडेला हाताने काजटाका घाला. आत जुन्या सुती साडीचं अस्तर लावा, नाहीतर तिळगुळाचं तेल वर उमटतं. वर एक इंचाची नेफ्याची पट्टी दुमडून त्यात दोरी ओवा. दोरीसाठी मी उरलेल्या लोकरीची क्रोशाने साधी साखळी घातली. फुटका कोसा कोमट पाण्यात भिजवला की कात्रीने पाकळ्या कापता येतात. मधे एक मणी टाकला की फूल तयार. रोज तीन बटवे या हिशोबाने माझे दहा दिवसांत झाले. उरलेल्या तिनांपैकी एक नणंदबाईंना पोस्टाने जाईल.

बोरीवरचा कोसा आम्ही कापला नाही. मुलगी आता शाळेतून आली की आधी तिकडे धावते. कावळा फांदीवर बसला तर टाळ्या वाजवून हाकलते, आणि परवा चक्क माझ्या लाडक्या बुलबुलालाही तिने उडवलं. मी काही बोलले नाही.

अडचण वेगळीच आहे. बोरं पिकायला लागली. संक्रांतीच्या सुगडात बोरं हवीत, वरच्या बाळाच्या बोरन्हाणाला हवीत, आणि गल्लीतली पोरं तर काठी घेऊन झोडायलाच टपलेली. म्हणून काल त्या फांदीला लाल लोकरीचा एक आखूड, पक्का धागा गाठ मारून बांधला आणि पोरांना गोळा करून दाखवला. लाल धाग्याची फांदी सोडून बाकी सगळी बोरं तुमची. त्यांनी विचारलं, “काकू, किती दिवस?” मी म्हटलं, जूनपर्यंत.