चमचाभर तूप आणि भिंतीवरचा सिनेमा

मुलांनो, घरात थिएटर करायचं म्हटलं तर सगळ्यात आधी काय आणावं लागतं? प्रोजेक्टर? पडदा? मोठ्ठे स्पीकर? आमच्या मळ्यातल्या आठही पोरांनी अशीच उत्तरं दिली होती. माझं उत्तर मात्र त्यांना अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, "आधी सुताराकडचा टेप आणा!"

पण हे खूळ निघालं कुठून, ते आधी सांगते. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि राहते महाळुंगे पडवळला. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत ज्यांनी प्राण दिले, ते हुतात्मा बाबू गेनू इथलेच. आमचं घर गावठाणात नाही, मळ्यात आहे. एका अंगणाभोवती भावकीतली चार घरं आणि चारी बाजूंना ऊस. आणि ऊस म्हटलं की बिबट्या आलाच! जुन्नर-आंबेगाव भागातले बिबटे आता उसातच राहतात, तिथेच पिलं देतात. जुन्नरजवळ माणिकडोहला तर बिबट्यांसाठी खास निवारा केंद्र आहे. त्यामुळे दिवस मावळला की अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा आमच्याकडचा कायदाच. हिवाळ्यात तर सहालाच अंधार पडतो. मग आठ पोरं, चार घरं आणि चार मोबाइल. एकेका मोबाइलवर दोन-दोन डोकी. ढकलाढकली, रडारड आणि डोळे चोळणं!

एका संध्याकाळी सासूबाई वैतागून म्हणाल्या, "अगं, एवढं बघायचंच आहे तर सगळ्यांनी मिळून तरी बघा की!"

झालं. चारही घरांनी पाच-पाच हजार रुपये काढायचे ठरले. वीस हजार! शहरातल्या कुणाला ही रक्कम थोडी वाटेल. पण यातले पाच हजार एका घराने कांद्याची पट्टी आल्यावर दिले होते आणि दुसऱ्याने दुधाच्या पगारातून दोन हप्त्यांत. असे पैसे हातात आले की माणूस दहादा विचार करतो. मी 'बाई' म्हणून निवड माझ्याकडे आली. वस्तू बिनकामाची निघाली असती तर पुन्हा वर्गणी निघाली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पालकहो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. चौघांचं कुटुंब असेल आणि दिवसाउजेडी बघायचं असेल, तर खुशाल टीव्ही घ्या. कमी कटकट आणि चित्र झकास. पण आम्ही मोठी-लहान मिळून चौदा माणसं. ४३ इंची टीव्हीची रुंदी भरते जेमतेम ९५ सेंटिमीटर. मागच्या खाटेवर बसलेल्या सासूबाईंना त्यावरचं लिहिलेलं वाचता आलं नसतं. म्हणून प्रोजेक्टर.

आता टेपची गोष्ट. आमची पुढची खोली १२ फूट लांब. समोरच्या भिंतीवर दार आणि खिडकी यांच्या मधे साडेसहा फूट जागा मोकळी. म्हणजे चित्र त्याहून रुंद होऊच शकत नाही. 'शंभर इंच', 'दोनशे इंच' अशा जाहिराती कितीही असोत! शिवाय हे इंच रुंदीचे नसतात बरं का, ते असतात कर्णाचे. पुतणी आठवीत आहे. तिला मी म्हटलं, "लांबी-रुंदीचं गुणोत्तर १६ : ९ आणि कर्ण ८० इंच, काढ बरं बाजू!" तिने पायथागोरसला कामाला लावलं. उत्तर आलं, सुमारे ७० इंच रुंद आणि ३९ इंच उंच. म्हणजे पावणेसहा फुटांहून थोडी जास्त रुंदी. बसलं की भिंतीत!

मग प्रश्न आला, प्रोजेक्टर ठेवायचा किती लांब? त्याच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो. भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. तो आकडा १.३ असेल तर ५.८ गुणिले १.३, म्हणजे साडेसात फूट. आणि २ असेल तर? साडेअकरा फुटांच्याही पुढे. म्हणजे १२ फुटांच्या खोलीत प्रोजेक्टर पार मागच्या भिंतीला टेकला असता आणि खाटेवरच्या माणसांच्या डोक्यांची सावली नायकाच्या तोंडावर पडली असती. आम्हाला १.३च हवा होता. मधे बुटकं टेबल, त्यावर प्रोजेक्टर, पुढे सतरंजीवर पोरं, मागे खाटेवर आणि खुर्च्यांवर मोठी माणसं. वरचा पंखा वाचला, सावल्याही वाचल्या.

टेबल चित्राच्या बरोबर मधोमध ठेवलं, तेही मुद्दाम. प्रोजेक्टर तिरका केला की आयताचा समलंब चौकोन होतो. यंत्रातली सोय वापरून तो सरळ करता येतो, पण तेवढे चित्राचे ठिपके वाया जातात.

आता उजेड. सगळी फसगत होते ती इथेच, म्हणून जरा दमाने सांगते.

समजा, भाकरीला लावायला तुमच्याकडे एकच चमचा तूप आहे. भाकरी लहान असेल तर मस्त तूप लागेल. परातीएवढी भाकरी केलीत तर? तूप तेवढंच, पण कोरडी लागणार! प्रोजेक्टरचा उजेड म्हणजे हे चमचाभर तूप. चित्राची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी उजेड उरतो पाव. ८० इंचांचं चित्र १६० इंचांचं केलंत तर ते मोठं होत नाही हो, मळकं होतं.

हे तूप मोजायचं माप म्हणजे ल्युमेन. सिनेमागृहात पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १४ ते १६ ल्युमेन उजेड असावा, असा दंडक आहे. आमचं चित्र भरतं सुमारे १९ चौरस फूट. १९ गुणिले १६ म्हणजे ३०४. मुलं चकितच झाली. तीनशे-चारशे ल्युमेनमध्ये काम भागतं? भागतं! फक्त ते ल्युमेन खरे हवेत आणि खोली काळोखी हवी.

'खरे' का म्हटलं, तर हा किस्सा ऐका. माझ्या एका पुतण्याने मोबाइलवर एक स्वस्त प्रोजेक्टर शोधून काढला. किंमत साडेसहा हजार आणि उजेड चक्क 'नऊ हजार ल्युमेन'! पोरं नाचायलाच लागली. मी म्हटलं, "खाली बारीक अक्षरांत वीज किती लागते ते वाच." लिहिलं होतं ६५ वॅट. मग आम्ही पाटीवर हिशेब मांडला. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन उजेड देतो. म्हणजे एका वॅटला शंभर. मग ६५ वॅटला किती? साडेसहा हजार. तेही सगळीच वीज दिव्याला मिळाली तर! पण यंत्रातला पंखाही वीज खातो आणि स्पीकरही. शिवाय दिव्याचा उजेड रंगीत काचांतून आणि भिंगातून गाळून बाहेर पडतो, तेव्हा भिंतीवर पोचेपर्यंत त्यातला फार थोडा उरतो. मग ते नऊ हजार आले कुठून? नाचणारा पुतण्या स्वतःच म्हणाला, "काकू, हे तर हवेतून आले!"

म्हणून नुसतं 'ल्युमेन' लिहिलेलं पाहू नका, 'एएनएसआय ल्युमेन' लिहिलेलं शोधा. ही मोजण्याची ठरलेली पद्धत आहे. चित्राचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची. चौथीतल्या मुलालाही कळेल असं हे गणित आहे. ते ज्याने केलं असेल, तो खोक्यावर तसं लिहितोच.

आता एक कोडं. काळा प्रकाश कुणी पाहिलाय? नाही ना! काळा प्रकाश नसतोच. मग प्रोजेक्टर काळी रात्र दाखवतो कशी? तो दाखवतच नाही. तिथे तो उजेड टाकत नाही, एवढंच. म्हणजे चित्रातला काळा रंग म्हणजे उघडी भिंत. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर भिंत पांढरी दिसते, मग चित्रातली रात्रही पांढरी! म्हणून जास्त उजेडाचा महागडा प्रोजेक्टर घेण्यापेक्षा खोलीत जास्त अंधार करणं कितीतरी स्वस्त. आम्ही खिडकीला आणि दाराला जाड, दुपदरी पडदे शिवले. भिंतीला पांढरा, चमक नसलेला डिस्टेंपर दिला. ऑइलपेंट नको, त्यात दिव्याचा डोळा चमकतो.

एक अडचण उरली, देवापुढच्या दिव्याची. देव्हारा त्याच खोलीत. सांजवात लावायची वेळ आणि आमची वेळ एकच! सासूबाई दिवा हलवायला तयार नव्हत्या आणि मलाही तो हलवावासा वाटला नाही. शेवटी देव्हाऱ्याच्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. दिवा जागेवर, रात्र काळी!

अंधाराची ही किंमत जुन्या लोकांना चांगली ठाऊक होती. गावोगावच्या जत्रांत तंबूतला सिनेमा यायचा, तो दिवस मावळल्यावरच सुरू व्हायचा. या फिरत्या सिनेमाच्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ मध्ये 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला. मोठे झालात की जरूर बघा. आणि त्याच्याही आधी, सिनेमाचा शोध लागण्यापूर्वी, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका'चे खेळ करत. गोष्ट आहे १८९२ च्या सुमाराची. नाव जरा अवघड आहे, दोनदा म्हणून बघा! काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर अंधारात बसलेली माणसं. आमच्या टेबलावरच्या यंत्रातही मागे दिवा, मधे चित्र आणि पुढे भिंगच आहे की!

खरेदीला मी आणि पुतणी पुण्याला गेलो. पर्समध्ये एक पेनड्राइव्ह होता. त्यात सिनेमा नव्हता, एक पान होतं. त्यावर लहान-मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ध घ, भ म, थ य, सर्व, गर्व, अंग, आग. दुकानदार नट-नट्यांची चकचकीत गाणी दाखवत होते. मी म्हटलं, "दादा, आमचं हे पान लावा." ते हसले, पण लावलं बिचाऱ्यांनी. आम्ही साडेनऊ फुटांवर, म्हणजे सासूबाईंच्या खाटेच्या अंतरावर, उभ्या राहिलो. पहिल्या यंत्रात 'ध' आणि 'घ' सारखेच! 'सर्व'वरचा रफार गायब! खोक्यावर 'फुल एचडी सपोर्टेड' लिहिलेलं होतं.

हा शब्द लक्षात ठेवा. 'सपोर्टेड' म्हणजे एवढंच, की मोठं चित्र आत घेता येतं. बाहेर पडताना किती ठिपके पडतात, ते 'नेटिव्ह' या शब्दापुढे लिहिलेलं असतं. त्या यंत्रात होते ८०० गुणिले ४८०, म्हणजे ३,८४,०००. खऱ्या फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. पाचपटीहून जास्त! घागरभर पाणी तांब्यात ओतलं तरी तांब्यात राहणार तांब्याएवढंच. तिसऱ्या यंत्रावर रफारही दिसला आणि अनुस्वारही. नेटिव्ह फुल एचडी, ४०० एएनएसआय ल्युमेन, अंतराचा आकडा १.३ आणि दिवा एलईडीचा. जुन्या पद्धतीच्या दिव्यांचं आयुष्य काही हजार तासांचं, मग नवा दिवा विकत आणा. शिवाय वीज अचानक गेली की पंखा थांबतो आणि तो तापलेला दिवा बिघडायची भीती. आमच्याकडे वीज सांगून जात नाही. म्हणून एलईडीच बरा.

आवाजाचं थोडक्यात सांगते. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर मच्छरासारखा गुणगुणतो, आणि तोही सतरंजीच्या मागून! आमच्याकडे गणपतीतला जुना स्पीकर होता, तो चित्राच्या खाली ठेवला आणि साध्या वायरने जोडला. ब्लूटूथने जोडून पाहिला होता, पण ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. पोरांना तीच मोठी गंमत वाटली.

पहिल्या रात्री चौदाही माणसं जमली. अंगणातला मोठा दिवा लावून, बॅटरी घेऊन, मोठ्यांनी धाकट्यांना आणलं. प्रोजेक्टर सुरू केला आणि भिंतीवर आलं काय? ध घ, भ म! पेनड्राइव्हमध्ये अजून तेच पान होतं. कुणी हसायच्या आत सासूबाईंनी खाटेवरून खणखणीत आवाजात शेवटच्या 'आग'पर्यंत सगळं वाचून दाखवलं. मग लावला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला सिनेमा लोकांपुढे आणला, त्या खटाटोपावरचा हा परेश मोकाशींचा २००९ सालचा चित्रपट. फाळके घरातल्या वस्तू विकायला काढतात, तेव्हा धाकटा पुतण्या घाबरून म्हणाला, "काकू, आपली म्हैस नाही ना विकली?"

हिशेबाचा कागद अजून कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे. प्रोजेक्टर १६,९०० रुपये, पडद्यांचं कापड आणि शिलाई १,१५०, डिस्टेंपर ६००, वायर १५०. एकूण १८,८००. उरले बाराशे, घरटी तीनशे परत केले. सासूबाईंनी आपल्या घरचे तीनशे मात्र घेतले नाहीत. त्याच्या शेंगा आणायला सांगितल्या, भाजायला.