सहावी ते आठवी: घरच्या शाळेतला इतिहास आणि विज्ञान

सौ. वहिनींस,


टेक्सासात घरी शिकवण्याला मोकळीक बरीच आहे. १९९४ च्या लीपर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खासगी शाळाच मानली. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि सुनागरिकत्व एवढेच तिथे सक्तीचे. इतिहास आणि विज्ञान त्या यादीत नाहीत. न्यूयॉर्कसारखा दर तिमाहीचा अहवालही नाही. त्यामुळे पुस्तक कच्चे निघाले तर तसे सांगणारे बाहेरचे कोणी नसते.

इतिहासाची निवड तुलनेने सोपी आहे. पुष्कळ घरांत प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन आणि आधुनिक असा चार वर्षांचा क्रम पाळतात. सुझन वाइज बाउअर यांची ‘स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ ही चार भागांची मालिका गोष्टीसारखी वाचली जाते. तिच्यात अब्राहामही आहे आणि मोहेंजोदडोही. पण ती धाकट्या मुलांसाठी लिहिलेली आहे, सातवीला जोडवाचन लागतेच. लिंडा होबार यांची ‘मिस्टरी ऑफ हिस्टरी’ उत्पत्तीपासून सुरू होते आणि पहिला भाग पुनरुत्थानाशी आणून थांबवते. श्रद्धावान घराला ही मांडणी आपली वाटते. इतिहासात लेखकाची बाजू उघड दिसते, शेजारी दुसरे पुस्तक ठेवून ती तोलताही येते. पंडिता रमाबाई आणि बाबा पदमनजी या मराठी ख्रिस्ती मंडळींची ओळख मात्र मराठी घरानेच करून द्यायची.

खरी अडचण विज्ञानात येते, आणि तीही मुख्यतः पृथ्वीच्या वयाबाबत. आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात सृष्टीची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये धरली. ‘द जेनेसिस फ्लड’ हे पुस्तक १९६१ मध्ये आले आणि काही हजार वर्षांच्या पृथ्वीची कल्पना अमेरिकेत नव्याने पसरली. घरी शिकवणाऱ्यांत नावाजलेली ‘अपोलोजिया’ची पुस्तके याच मताची आहेत. सातवीला सामान्य विज्ञान, आठवीला भौतिक विज्ञान असा त्यांचा ठरलेला क्रम. भाषा सरळ, प्रयोग बहुधा घरातल्या सामानावर होणारे. ही त्यांची जमेची बाजू खरीच. पण भूविज्ञान सांगते ते वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. युरेनियमच्या क्षयावरून खडकाचे वय कसे काढतात, हे पुस्तक आधी समजावते की थेट खोडून काढते, एवढे पाहिले तरी पुस्तकाची पारख होते. समजावल्यानंतर घराने आपले मत सांगावे, त्याला कोणाची हरकत नाही. समजावणेच गाळले, तर पुढे हायस्कुलात एपी बायोलॉजी हा कॉलेजच्या पातळीचा विषय घेताना मूल अडते; उत्क्रांती हा त्या अभ्यासक्रमाच्या चार मुख्य सूत्रांपैकी एक आहे.

हजारो वर्षांचा हिशेब हे सगळ्या ख्रिस्ती मंडळींचे मतही नव्हे. नोव्हारे प्रकाशनाचे केविन नेल्स्टेड यांचे भूविज्ञानाचे पुस्तक देवावरील विश्वासाने लिहिलेले आहे आणि पृथ्वीचे वय मात्र शास्त्रज्ञ सांगतात तेच देते. याच वयोगटासाठी ते आहे, पण सहसा कोणी सुचवत नाही.

तेव्हा इतिहास श्रद्धेच्या बाजूने लिहिलेला घेतला तरी चालेल. विज्ञान घेताना मागवण्याआधी खडक आणि जीवाश्मांची प्रकरणे वहिनींनी स्वतः वाचावीत, आणि ती पटली तरच पैसे भरावेत.


आपला धाकटा दीर