कसब्यातले 'आपण' आणि 'आम्ही'

मराठीत स्वतःसकट अनेकांविषयी बोलायचे असले की दोन सर्वनामे हाताशी असतात. 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. इंग्रजीला ही सोय नाही, आणि मराठीच्या वर्गात ती दोन मिनिटांत शिकवून होते. पण या दोन सर्वनामांत केवढे अंतर मावते, हे पाहायचे असेल तर निवडणुकीच्या निकालानंतर आठवडाभर एखाद्या पेठेतल्या अमृततुल्यात बसावे. मतदानापर्यंत जो तो 'आपल्या कसब्याविषयी' बोलत असतो. निकाल लागला की 'आम्ही' आणि 'तुम्ही' सुरू होते.

येथे 'आम्ही' म्हणजे सहाजण. दोघे मराठीचे अध्यापक, एक निवृत्त बँक कर्मचारी, एक तांबट आळीतला कारागीर, एक ग्रंथपाल बाई आणि सदाशिव पेठेतून चालत येणारे एक सद्गृहस्थ, ज्यांना सगळे 'नाना' म्हणतात. फडके हौदाच्या बाजूला चहाचे एक दुकान आहे, तेथे आमची सकाळची बैठक.

२ मार्च २०२३ रोजी कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला. आमदार मुक्ता टिळक यांचे डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाल्यामुळे ही निवडणूक झाली होती. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर ७३ हजारांवर मते घेऊन जिंकले, भाजपचे हेमंत रासने ६२ हजारांवर मते घेऊन हरले. १९९५ पासून येथे भाजपच निवडून येत होता, त्यामुळे वर्तमानपत्रांनी 'बालेकिल्ला ढासळला' असे लिहिले. ज्या पेठेच्या अंगाशी खराखुरा शनिवारवाडा उभा आहे तिथल्या लोकांना तरी हा शब्द जपून वापरता यावा. शिवाय १९९१ च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघात काँग्रेसच्या वसंत थोरातांनी गिरीश बापटांना हरवले होते, हे आमच्या बँकवाल्या मित्राला मतदान केंद्रावरच्या रांगेसकट आठवते. पण किल्ल्याची भाषा एकदा आली की फितुरीची भाषाही मागोमाग येते. तट कोणी पाडला यापेक्षा दिंडी आतून कोणी उघडली, याची चर्चा अधिक रंगते.

ती तशीच रंगली. उमेदवारी टिळकांच्या घरात दिली नाही म्हणून पश्चिमेकडच्या पेठा रुसल्या, हे एक भाष्य. आजारी असताना रुग्णवाहिकेतून मुंबईला जाऊन मुक्ताताईंनी २०२२ मध्ये पक्षासाठी मतदान केले होते, त्याची ही परतफेड का, असा त्यामागचा सवाल. दुसरे भाष्य असे की जातीचा यात काही संबंध नाही, धंगेकर हाक मारली की येणारा माणूस, म्हणून ते आले. चंद्रकांत पाटलांचा 'हू इज धंगेकर?' हा प्रश्न दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा उच्चारला गेला की त्याला म्हणीची कळा आली. आणि गिरीश बापट. नाकाला प्राणवायूची नळी लावून, चाकांच्या खुर्चीत बसून ते केसरीवाड्यात कार्यकर्त्यांपुढे आले होते. ते छायाचित्र पाहून एकाचा कंठ दाटून आला, 'अशी निष्ठा आता दिसायची नाही' असे तो म्हणाला. त्याच बाकावरचा दुसरा म्हणाला, 'आजारी माणसाला असे बाहेर काढवते तरी कसे?' निकालानंतर महिन्याच्या आत, २९ मार्चला, बापट गेले. त्या दिवशी दोघेही गप्प होते. एका संहितेची दोन वाचने होतात हे आम्ही वर्गात आनंदाने शिकवतो. बाकावर ती दोन वाचने मांडीला मांडी लावून बसली की आनंद फारसा उरत नाही.

एका सकाळी तांबट मित्र नानांना म्हणाला, 'तुमच्या पेठांनी घात केला. आम्ही इकडे राबलो.' तो भाजपचा जुना कार्यकर्ता आहे. 'तुमच्या पेठा' म्हणजे काय, हे पुण्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या दोन शब्दांत पत्ताही असतो आणि जातही असते. नानांनी कप खाली ठेवला आणि सांगितले, 'मी मतच दिलेले नाही. मुलीकडे बंगळुरूला होतो.'

यावर काय बोलायचे ते कोणालाच सुचेना. घातकी म्हणावे तर मत नाही, आपला म्हणावे तरी मत नाही. दुसऱ्या दिवसापासून नाना आमच्या वेळेला येईनासे झाले. येतात, पण तासाभराने, एकटे.

नानांसारखे किती होते? त्या पोटनिवडणुकीत मतदान ५० टक्क्यांच्या आसपास झाले. मतदारसंघाला नाव कसबा पेठेचे असले तरी त्यात सदाशिव, नारायण, शनिवार, शुक्रवार, बुधवार, रविवार, रास्ता अशा कितीतरी पेठा येतात. पावणेतीन लाखांच्या घरात मतदार आणि त्यांतले निम्मे घरी. 'कसब्याने कौल दिला' या वाक्याचा कर्ता निम्मा गैरहजर होता, असे आमच्या ग्रंथपाल बाई म्हणतात, आणि आम्हाला ते पटते. कौल हा शब्दही देवळातला. देवाला लावलेली कळी पडली की ती कोणत्या बाजूला पडली, हे सांगणारा माणूस वेगळा असतो. आमच्या बाकावर असे पाच होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. रासने ९० हजारांवर मते घेऊन १९ हजारांच्या फरकाने जिंकले. 'कसब्याचे मन पालटले' असे त्यावर भाष्य झाले. आकडे नीट पाहावेत. धंगेकरांना या वेळी ७० हजारांवर मते होती, म्हणजे त्यांची मते तीनएक हजारांनीच घटली. रासन्यांची मात्र २७ हजारांहून अधिक वाढली. काहींनी बाजू बदललीही असेल. पण एवढे मताधिक्य मुख्यतः उंबऱ्याबाहेर पडलेल्या लोकांचे असणार, असा आमचा तर्क आहे. पालटले ते मन नसावे, हजेरी असावी.

ही सर्वाधिक मतांची पद्धत आपल्याकडे ब्रिटिशांकडून आली, तेव्हा त्यांची गतही पाहू. ग्रंथपाल बाईंची भाची तिकडे शिकवते. तेथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येते, त्यामुळे तिने ४ जुलै २०२४ ला दिले. लेबर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, सर्वत्र 'प्रचंड कौल' झाला. पण मते ९७ लाखांच्या आसपास होती, आणि हाच पक्ष २०१९ मध्ये १ कोटी २ लाखांवर मते घेऊन सपाटून हरला होता. देशाने नेमके काय सांगितले यावर त्यांच्या शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर भांडण झाले, म्हणे. दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले. भाचीला ते ऐकताना कसब्यात बसल्यासारखे वाटले.

दोन्ही वेळच्या वादांत वाड्यांचा विषय मात्र चहा संपता संपता निघायचा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला २०१० च्या कायद्याने मनाई आहे, आणि शनिवारवाड्याच्या सावलीतली जुनी घरे दर पावसाळ्यात थोडी थोडी झुकत आहेत. तांबट मित्राचे घर त्या रेषेच्या आत आहे. त्याच्या माडीला टेकू लावला तेव्हा युतीचे राज्य होते, दुसरा लावला तेव्हा आघाडीचे. यावर तो हसून बोलतो, आम्हाला मात्र हसता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये धंगेकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. त्यांचा प्रवास शिवसेना, मनसे, काँग्रेस असा झालेला असल्याने जुन्या लोकांना त्याचे फार नवल वाटले नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर कोणी फारसे बोलले नाही. तांबट मित्राने वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो उठला, पण कामावर गेला नाही. नानांची यायची वेळ होईपर्यंत थांबला. ते आले तेव्हा त्याने दोन कटिंग सांगितले आणि विचारले, 'नाना, तेव्हा आपण निवडून दिले ते कोणाला हो?'

नाना म्हणाले, 'मला काय विचारतोस, मी बंगळुरूला होतो.'