पेटीच्या स्टँडची उंची

मी कुबड्या घेऊन चालतो आणि खर्डीत सातेरी मधमाश्या पाळतो. हे ऐकलं की लोक माझ्या पायांकडे बघतात. माझं म्हणणं, आधी पेटीच्या स्टँडकडे बघा. गुरांमागे माणसाला फिरावं लागतं. मधमाशी आपला चारा स्वतःच शोधते, पाळणाऱ्याचं काम पेटीपाशीच असतं. स्टँड गुडघ्याएवढं असेल तर वाकावं लागतं, आणि वाकताना हात कुबड्यांत अडकतात. तेच स्टँड बसलेल्या माणसाच्या कोपराइतकं करून पेटीच्या मागच्या बाजूला बाकडं टाकलं, की दोन्ही हात चौकटीसाठी मोकळे.

माश्या उठल्या तर पळणार कसा, असं विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आग्यामोहोळ असतं. आग्या उघड्यावर पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही. सातेरी मुळातच अंधाऱ्या पोकळीत राहणारी आणि तुलनेने शांत. तिच्यापाशी घाई आणि धक्के महागात पडतात. सावकाश हालचाल आम्हाला वेगळी शिकावी लागत नाही! डंखाची ॲलर्जी असलेल्याने मात्र पेटीला हात लावू नये, मग पाय कितीही धड असोत. वजनाची हरकत खरी आहे. भरलेली मधकोठी आख्खी उचलणं माझ्यासारख्याला जमणारं नाही. पण एकेक चौकट काढून शेजारच्या रिकाम्या पेटीत ठेवता येते. वेळ जास्त जातो, एवढंच.

उंच फांदीवर बसलेला थवा उतरवायला मात्र दुसरा माणूस लागतोच. त्यात कमीपणा कसला? जिनिव्हाचा फ्रांस्वा ह्यूबर अंध होता. मदतनीस ब्युर्नन्सच्या डोळ्यांनी त्याने निरीक्षणं केली आणि १७९२ साली मधमाश्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. राणी मीलनासाठी पेटीबाहेर उडते, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. त्यासाठी त्याने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटीही बनवून घेतली. त्याने पेटी बदलली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नुसत्या मधावर घर चालेल, असं मी म्हणत नाही. इथल्या पावसाळ्यात माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. खुरासणी फुलली की पुन्हा बरे दिवस येतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांमध्ये ५ टक्के आरक्षण आहे. त्या वाट्यातून पेट्या देताना घेणाऱ्याला स्टँड किती उंच हवं, हेही अर्जातच विचारावं.