लोअर परळ ते दादर, व्हाया चौदा स्टेशनं

श्रावणात लोअर परळच्या ऑफिस कँटीनमधल्या चिकन थाळीचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. ख्रिस्ती मंडळींचा असाच काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो. लेंट, म्हणजे उपवासकाळ. लिफ्टमध्ये कुणाच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसला, की समजायचं, आज राखेचा बुधवार. इथून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, 40 दिवस!

पहिला आठवडा जोशात जातो. खरी गोची नंतर. जिमची वर्षभराची फी भरलेल्यांना विचारा.

तर लेंटमधल्या एखाद्या शुक्रवारी ऑफिसातून वेळेत निघा आणि लोअर परळहून स्लो लोकल पकडा. प्रभादेवी, मग दादर. पश्चिमेला उतरून चालत गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च गाठा. चर्च मूळचं 1596चं. आजची इमारत चार्ल्स कोरियांची, 1970च्या दशकातली. प्रार्थना चालू असेल तर मोबाईल सायलेंट करून मागच्या बाकावर बसा.

लेंटच्या शुक्रवारी चर्चमध्ये ‘क्रुसाची वाट’ करतात. चौदा स्थानं, इंग्रजीत चक्क ‘स्टेशन्स’! तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर येशू पडतो. उठून पुढे चालतो.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अशीच वाट चालले. धर्मगुरू, मराठी लेखक आणि हरित वसईच्या लढ्याचे नेते. 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा विरोध झाला. त्यांनी ते सोडलं नाही. 2024 साली ते गेले.

अवघड काम अंगावर घेतलं असेल, तर हा फंडा लक्षात ठेवा. पडण्याची तीन स्टेशनं या वाटेत आधीपासूनच धरलेली आहेत. तिथे उतरून घरी जायचं नसतं, एवढंच.